पुरणपोळीसाठी कौंटीच्या सभेत बोलायचं असेल तर

घरच्या ओट्यावर रांधलेलं गरम जेवण विकायला कॅलिफोर्नियात कायद्याने मुभा आहे, पण सरसकट नाही. २०१८ मध्ये झालेल्या एबी ६२६ या कायद्याने घरच्या स्वयंपाकघराला छोट्या खानावळीचा परवाना मिळण्याची सोय केली, मात्र तो द्यायचा की नाही हे स्थानिक सभागृहावर सोडलं. २०२३ च्या दुरुस्तीने मर्यादाही वाढली: दिवसाला ३० जेवणं तीच राहिली, आठवड्याची ६० ची ९० झाली आणि वर्षाच्या विक्रीची ५० हजारांवरून एक लाख डॉलरवर गेली. तुमच्याकडे अजून परवानगी नसेल किंवा नियम बदलायला काढले असतील, तर सभेत जाऊन बोलता येतं.

आधी दार नीट शोधा. आपली माणसं सिटी कौन्सिलकडे धावतात आणि तिथून परत पाठवली जातात, कारण अन्नसुरक्षेचा कारभार बहुतेक ठिकाणी कौंटीच्या आरोग्य खात्याकडे असतो आणि निर्णय बोर्ड ऑफ सुपरवायझर्स घेतं. बर्कली, लाँग बीच, पॅसाडीना आणि व्हर्नन या शहरांची आरोग्य खाती स्वतंत्र आहेत. तिथे मात्र सिटी कौन्सिलच गाठायचं.

मग अजेंडा. ब्राउन अ‍ॅक्ट या खुल्या सभांच्या कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावीच लागते. ती उघडून थेट ‘कन्सेंट कॅलेंडर’ बघा. बिनविरोध समजले जाणारे विषय तिथे एका गठ्ठ्यात बांधलेले असतात आणि एकाच मतदानात उरकले जातात. तुमचा विषय त्यात असेल तर आपल्या भागाच्या सुपरवायझरला आदल्या दिवशीच ईमेल करून तो बाहेर काढायची विनंती करा. सभेत बसून हात वर करेपर्यंत गठ्ठा मंजूर झालेला असतो.

त्याच पानावर कधी कम्युनिटी करेक्शन्सचा निधीही दिसेल. कमी गंभीर गुन्ह्यांतल्या लोकांची जबाबदारी १ ऑक्टोबर २०११ पासून राज्याच्या तुरुंगांकडून कौंट्यांकडे आली. प्रोबेशन, व्यसनमुक्ती, कामाचं प्रशिक्षण यांवर राज्याकडून येणारे पैसे कसे लावायचे याचा आराखडा चीफ प्रोबेशन ऑफिसरच्या अध्यक्षतेखालची समिती करते. बोर्डाने चार-पंचमांश मतांनी फेटाळला नाही, तर तो मान्य झाला असं धरतात. पाच जणांच्या बोर्डात त्यासाठी चौघं विरोधात जायला हवीत. म्हणजे बोर्डासमोर भाषण करणं हे वरातीमागून घोडं. सुटून आलेल्या माणसाला स्वयंपाकघरातलं काम शिकवायला पैसे ठेवा, असं सुचवायचं असेल तर त्या समितीच्या सभेला जा. तीही खुली असते.

आता बोलणं. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटं, गर्दी असली की अध्यक्ष एकावरही आणतात. म्हणून पहिल्याच वाक्यात विषयाचा क्रमांक आणि तुमची मागणी सांगा: ‘विषय अमुक, माझा पाठिंबा आहे, परवान्याचं शुल्क कमी ठेवा.’ नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. मग एकच पदार्थ घ्या. जेवण त्याच दिवशी रांधून त्याच दिवशी द्यायचं, ही कायद्याची अट आहे. पुरणपोळीचंच सांगा: सकाळी डाळ शिजवली, पुरण वाटलं, दुपारी पोळी तव्यावरून डब्यात आणि संध्याकाळच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात. आरोग्य खात्याला अशी घड्याळाची भाषा कळते; आजीच्या हाताची चव त्यांच्या तक्त्यात बसत नाही. सुक्या मसाल्यांचा मुद्दा इथे काढू नका, टिकाऊ पदार्थांचा ‘कॉटेज फूड’ कायदा वेगळा आहे.

सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर त्यांनी खुशाल मराठीत बोलावं. दुभाष्याची मदत घेणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, असं २०१७ पासून कायद्यातच आहे. फक्त दुभाष्या कोण, हे क्लार्कच्या कार्यालयाला आधी कळवा. (पुण्यामुंबईत महापालिकेच्या सभेला नागरिकाने सज्जात बसून ऐकायचं, बोलायचं ते नगरसेवकांनी. इथली ही सोय वापरली नाही तर फुकट जाते.)

मतदान झालं की लगेच पेढे वाटू नका. ऑर्डिनन्स असेल तर तो एका सभेत मांडतात आणि त्यानंतर निदान पाच दिवस मंजूर करता येत नाही; म्हणून दुसऱ्या सभेलाही जा. मंजुरीनंतर साधारणपणे ३० दिवसांनी तो लागू होतो. मधल्या काळात अन्नसुरक्षा व्यवस्थापकाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेऊन ठेवा, परवान्याला ते लागतंच. शुल्काचा आकडा बरेचदा वेगळ्या ठरावाने येतो, तेव्हा पुढच्या अजेंड्यांवरही नजर असू द्या, विशेषतः कन्सेंट कॅलेंडरवर.