मागे वाडा खोटा, पुढे लाईट खरा: दोन्ही जुळवायचे कसे?

व्हिडिओत सेटअप बघितलाच असेल. इथे फक्त क्रम लिहून देतो, शूटच्या दिवशी कामाला येईल.

आधी माझी चूक. साडीच्या दुकानाची जाहिरात ग्रीन स्क्रीनवर शूट केली आणि मागे कॉम्प्युटरवर बनवलेला वाड्याचा चौक टाकला. चौकात ऊन डावीकडून, माझा सॉफ्टबॉक्स उजवीकडे! मालक एवढंच म्हणाले, "बाई चिकटवल्यासारखी दिसतेय हो." शूट पुन्हा केलं, खर्च माझ्या खिशातून. एडिटिंगमध्ये रंग सुधारता येतो, चेहऱ्यावरची सावली या गालावरून त्या गालावर सहजासहजी नेता येत नाही.

म्हणून आधी सीन पक्का करा, मग लाईट लावा. सीनमध्ये चार गोष्टी बघायच्या:

१. दिशा: खांबाची सावली कुठे पडलीय? मुख्य लाईट तिच्या उलट बाजूला. सावली लांब असेल तर लाईट खाली घ्या, आखूड असेल तर वर.

२. कडा: सावलीची कडा धारदार असेल तर सॉफ्टबॉक्स काढा, उघडा लाईट लांबून मारा. कडा पुसट असेल तर मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणा.

३. रंग: दुपारचं ऊन साधारण ५६०० केल्विन, पिवळा बल्ब ३००० च्या आसपास. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, मध्येच बदलला की सगळी मेहनत वाया.

४. गडदपणा: सीनमधल्या सावल्या गडद असतील तर भरणीचा दुसरा लाईट मागे सरकवा. छोट्या लाईटचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण एक चतुर्थांश उरतो.

"सर, एलईडी वॉल घेतली की हा त्रास संपेल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही. 'द मँडलोरियन' (२०१९) मध्ये वॉलचाच उजेड चकचकीत चिलखतावर पडायचा, ते खरंय. पण वॉल म्हणजे मोठा, मऊ उजेड. त्यातून कडक ऊन मिळत नाही, आणि लाल-हिरव्या-निळ्या मिश्रणात त्वचेचा रंगही बिघडतो. चेहऱ्यासाठी वेगळा लाईट लागतोच.

शेवटची परीक्षा: मॉडेल येण्याआधी तिच्या जागी थर्माकोलचा पांढरा गोळा ठेवा, फोटो काढा, सीनमध्ये टाका. गोळ्याची अंधारी बाजू आणि खांबाची अंधारी बाजू एकच आली, तरच पुढे जा. पाच मिनिटं जातात, पण दुसऱ्या शूटचा खर्च वाचतो.

करून बघा, अडलं तर व्हिडिओखाली विचारा!