लेथवर लाकूड कसे बांधावे?

लाटणे कोणाच्या घरी नाही? आमच्या खानदेशात मांडे हातावर होतात, त्यांना लाटणे लागत नाही. पण रोजच्या पोळीला ते हवेच. हे लाटणे, बाजेचे खूर, पाळण्याच्या दांड्या, पोरांचा भोवरा, साऱ्या गोल व गुळगुळीत वस्तू. लाकूड फिरवत ठेवायचे आणि त्याला धारेचे हत्यार लावायचे, म्हणजे अशा वस्तू होतात. ह्या कामाला कातकाम म्हणतात. ते करणारा तो कातारी. कोकणात सावंतवाडीची लाकडी फळे प्रसिद्ध आहेत, तीही अशीच कातून मग रंगवतात.

पूर्वी कातारी दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड धरी. लाकडाला दोरीचा वेढा देई. एकाने दोरी पुढेमागे ओढायची, दुसऱ्याने हत्यार धरायचे. काही अडले तर दोरी ओढणारा हात थांबे. आता लेथला विजेची मोटर असते. मोटर माणसासारखी थांबत नाही.

थोडा हिशेब करू. खुरासाठी १० सेंटिमीटर जाडीचा गोल तुकडा घेतला. एका फेऱ्यात त्याची कड सुमारे ३१ सेंटिमीटर फिरते. मिनिटाला १००० फेरे झाले, तर ३१० मीटर. तासाचे झाले सुमारे १९ किलोमीटर, म्हणजे सायकलीचा वेग. फेरे ३००० केले की तोच वेग ५६ किलोमीटर होतो. हा झाला एस.टी. गाडीचा वेग! एवढ्या वेगाने सुटलेला तुकडा कपाळावर बसला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून कातायला शिकण्याआधी लाकूड बांधायला शिका.

आय.टी.आय.मध्ये टर्नर शिकतो तो बहुधा लोखंड कापण्याचा लेथ. त्यात हत्यारही यंत्रातच घट्ट बसवलेले असते. लाकडाच्या लेथवर ते आपल्या हातात असते, हा फरक ध्यानात असू द्या.

पहिले लाटणे करायला सागाचा सरळ रेषांचा तुकडा बरा. दीड इंच जाड, चौदा इंच लांब. जुन्या दाराचा किंवा चौकटीचा तुकडा चालतो, मात्र आत खिळा राहिलेला नको. चीर गेलेले, गाठीचे, सालीचे लाकूड नवशिक्याने घेऊच नये. अंजनाचे लाकूड फार कठीण. ते हात बसल्यावर घ्या.

आता मध्य काढायचा. तुकड्याच्या टोकावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. दुसरीही तशीच ओढा. शाळेत ह्यांना कर्ण म्हणतात. भूमिती कशाला शिकायची, असे पोरं विचारतात. त्यांना हे दाखवा. रेघा जेथे छेदतात तो मध्य. तेथे टोच्याने खूण करा. दुसऱ्या टोकालाही असेच करा. मध्य चुकला तर लाकूड हेलकावे खाते आणि सारा लेथ थरथरतो.

लेथच्या मोटरकडच्या बाजूला दातेरी टोक असते. त्याचे दात लाकडात रुतले तरच लाकूड फिरते. ते टोक लेथमधून काढून घ्या, खुणेवर ठेवा आणि लाकडी मोगरीने ठोका. लेथवर बसवलेले असताना ठोकू नका, आतल्या बेअरिंगला मार बसतो. लाकूड कठीण असेल तर तिरप्या रेघांवर करवतीने दोन-तीन मिलिमीटर खाचा पाडा. दात त्यात नीट बसतात.

मग टोकासह लाकूड लेथवर चढवा. दुसऱ्या बाजूचा सरकता ठोकळा जवळ आणा आणि बुडाशी घट्ट आवळा. त्याचे चाक फिरवून टोक लाकडात रुतवा, मग त्याचीही कळ आवळा. ते टोक न फिरणारे असेल तर थोडे तेल द्या, नाहीतर लाकूड जळून धूर येतो. लाकूड हाताने हलवून पाहा. जरासेही डुगडुगायला नको.

हत्यार टेकवायची पट्टी लाकडापासून ज्वारीच्या दाण्याएवढी दूर ठेवा. मोटर बंद असतानाच लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कोपरा कोठे अडतो का? अडला तर पट्टी सरकवा. यंत्र चालू असताना पट्टीला हात लावायचा नाही.

पट्टा मोटरच्या लहान पुलीवर आणि लेथच्या मोठ्या पुलीवर घाला, म्हणजे वेग कमी राहतो. धोतराचा सोगा, पदर, बाही, गळ्यातला दोरा, सारे आवरून घ्या. हातमोजे घालू नका. चष्मा किंवा तोंडावर ढाल हवीच. बटण दाबताना लाकडाच्या समोर न राहता बाजूला उभे राहा.

दोन-चार मिनिटांनी यंत्र थांबवा आणि चाक पुन्हा आवळा. टोके लाकडात आणखी रुतलेली असतात, त्यामुळे पकड सैल होते. शिकाऊ माणूस नेमके हेच विसरतो. खटखट आवाज आला, तरीही आधी बटण बंद.

पोळपाट असा दोन टोकांत धरता येत नाही. त्याला लोखंडी तबकडी लागते. ती पोळपाटाच्या खालच्या बाजूला, पाय येतात तेथे, स्क्रूने बसवतात. खिळे वापरू नका. दांड्याच्या टोकाशी स्क्रू घेऊ नका, तेथे पकड कच्ची असते. स्क्रू लाकडात किती आत गेला, ते मोजून तुकड्याच्या कडेवर पेन्सिलीने लिहून ठेवा. वरून कातताना हत्यार त्या रेघेच्या खाली जाता कामा नये.