घरचे कागद, तीन लिप्या आणि फोनमधली वही

हरमल, मांद्रे, केरी या भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी पत्र्याची एक ट्रंक बहुधा असतेच. गेली काही वर्षे ओळखीच्या कुटुंबांना तिच्यातले कागद फोनवर स्कॅन करून ठेवायला मी मदत करतो. हे काम यंत्राचे आहे अशी अनेकांची समजूत असते. यंत्राचे काम एका दुपारी संपते. उरते ते भाषेचे काम, आणि त्याला महिने लागतात.

याचे कारण पेडण्याच्या इतिहासात आहे. १७८८ साली हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्यामुळे एकाच ट्रंकेत मोडीतल्या मराठी पावत्या, रोमन लिपीतले पोर्तुगीज दस्त, देवनागरी शाळेचे दाखले आणि मुक्तीनंतरच्या भू-मापनाचा एक-चौदाचा उतारा असे सगळे एकत्र सापडते. घरातल्या कोणालाही यातले सगळे वाचता येत नाही.

स्कॅन करण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. कागद सादळण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच हे काम उरकावे. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, खाली गडद कापड पसरून चित्र घ्यावे. मागची बाजूही घ्यावी, कारण शिक्के आणि शेरे पुष्कळदा तिथेच असतात. चिकटलेल्या घड्या ओढून उघडू नयेत. लॅमिनेशन तर मुळीच करू नये.

खरी अडचण शोधताना येते. नोंदवहीची अ‍ॅप छापील देवनागरी बऱ्यापैकी ओळखतात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण मी वापरतो त्या अ‍ॅपला हाताने लिहिलेली मोडी आजही वाचता येत नाही. पोर्तुगीज दस्तांचे दुखणे निराळे आहे. टंकलिखित असले तर अक्षरे ओळखली जातात, पण नावे आपली राहत नाहीत. ‘श’साठी तिथे एक्स येतो, ‘क’साठी कधी सी तर कधी क्यू. कामत ‘कामोतीं’ होतात, प्रभू ‘पोरोबो’ होतात, शेणवी ‘सिनाय’ होतात. अशा कागदांत ‘शंकर’ म्हणून शोधले तर काहीच हाती लागत नाही.

एका घरी आजोबांचे नाव पोर्तुगीज दस्तात एका रूपाने, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या रूपाने आणि उताऱ्यात आडनावाऐवजी गावाच्या नावाने निघाले. नातवाला वारस म्हणून नाव लावायचे होते. तिन्ही नावांचा माणूस एकच, हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर आली. किनाऱ्यावरच्या जमिनीला आज जो भाव आहे, तो पाहता ही काही हौसेची गोष्ट उरलेली नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घराचा हक्क सांगणाऱ्यालाही जुनी पावती अशीच सापडावी लागते.

म्हणून प्रत्येक स्कॅनखाली नोंद हाताने टंकावी. शीर्षकात आधी वर्ष, मग कागदाचा प्रकार, भाषा आणि जागा: ‘१९४८ खरेदीखत पोर्तुगीज भाट हरमल’. आत नाव कागदावर जसे आहे तसे, मग घरात म्हणतात तसे, मग सरकारी उताऱ्यात आहे तसे लिहावे. गावाचेही तेच: आपण हरमल म्हणतो, नकाशा आरांबोल म्हणतो, दोन्ही लिहावीत. मूळ कागद कुठल्या पिशवीत आहे तेही लिहावे. आकड्यांची पद्धत एकच धरावी, कारण देवनागरी आकड्यांत लिहिलेले साल इंग्रजी आकड्यांनी शोधले तर अनेकदा सापडत नाही. (एवढे टंकायला सांगितले की तरुण मंडळी कुरकुरतात. महिनाभराने तीच मला फोन करून आणखी काय लिहू म्हणून विचारतात.)

अ‍ॅप कोणते, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदी आणि एकच वही एवढीच मर्यादा घातली. असे उद्या कोणत्याही अ‍ॅपचे होऊ शकते. स्कॅन साध्या पीडीएफ फायलींत, फाइलला नोंदीचेच शीर्षक देऊन, वेगळ्या डिस्कवरही ठेवावे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधार कार्डासह सगळे कागद टाकण्याची पद्धत मात्र बंद करावी.

ट्रंक टाकून देऊ नये. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्यानेच दिलेला दाखला मुळाच्या बरोबरीचा धरतात. आपण फोनवर काढलेल्या जुन्या दस्ताच्या चित्राला तो मान नाही.

कागदावर जे नाही तेही नोंदीत जाऊ शकते. दस्तात भाटाच्या सीमा ओहोळ, पायवाट, शेजाऱ्याचा कुंपणाचा गडगा अशा सांगितलेल्या असतात. त्यातली पायवाट आता हॉटेलच्या आवारात गेलेली असते. ती कुठून जात होती, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्यालाच ठाऊक असते. मी तिच्यासमोर दस्ताचे चित्र मोठे करून धरतो, सीमा मराठीत वाचून दाखवतो आणि ती सांगते ते त्याच नोंदीत ध्वनिमुद्रित करतो. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, तेही खाली टंकतो. हे काम मी स्कॅनच्याही आधी सुरू करतो.