गुडघ्यापासून घोट्यापर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, आजचा धडा समजण्यासाठी चित्र लागणार नाही. तुमचा स्वतःचा पाय हेच आजचे चित्र आहे. बाकावर नीट बसा आणि गुडघ्याच्या खाली हात ठेवा.

मागच्या बाजूला जो मांसल भाग हाताला लागतो, त्याला तुम्ही उर्दूत 'पिंडली' म्हणता. मराठीत त्याला 'पोटरी' म्हणतात. पुढच्या बाजूला कठीण हाड लागते. ती 'नडगी'. उर्दूतील 'टखना' म्हणजे मराठीतील 'घोटा' आणि 'एडी' म्हणजे 'टाच'. हे चार शब्द लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा प्रवास सोपा होईल.

या भागात दोन हाडे असतात. नडगीचे हाड जाड असते. त्याला टिबिया म्हणतात. शरीराचे बहुतेक वजन तेच पेलते. त्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला नावाचे बारीक हाड असते. नडगीच्या हाडाच्या आतल्या अंगाला कातडीखाली स्नायूंची गादी नसते. म्हणूनच तेथे बाकाचा कोपरा लागला की डोळ्यांत पाणी येते!

आता टाच जमिनीवर टेकवून पाऊल वर उचला. नडगीच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी घट्ट झालेले जाणवेल. तो स्नायूंचा पुढचा गट. चालताना हा गट पाऊल उचलून धरतो, म्हणून आपण ठेचकाळत नाही. आता पावलाचा तळवा बाहेरच्या बाजूला वळवा. पायाच्या बाहेरच्या कडेला दुसरा गट घट्ट होईल. खडबडीत वाटेवर पाय मुरगळू नये म्हणून तो काम करतो. आता उभे राहा आणि टाचा उचला. पोटरी दगडासारखी होते. हा तिसरा गट सर्वांत बलवान आहे. त्याचे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला जोडले जातात. ज्या जाड दोरीने ते जोडले जातात, तिला कंडरा म्हणतात. टाचेची ही कंडरा आपल्या शरीरातील सर्वांत जाड व मजबूत कंडरा आहे. चौथा गट पोटरीच्या खाली, हाडांना लागून खोलवर असतो. तो पायाची बोटे खाली वाकवतो आणि तळव्याची कमान सांभाळतो.

या स्नायूंना रक्त कोठून मिळते? गुडघ्याच्या मागच्या खळगीतून एक मोठी धमनी खाली येते आणि तिच्या दोन मुख्य शाखा होतात. एक शाखा पुढच्या बाजूने उतरून पावलाच्या वरच्या भागावर येते. दुसरी मागच्या बाजूने खाली जाते आणि आतल्या घोट्याच्या मागून तळव्यात शिरते. वुजू करताना आपण घोट्यापर्यंत पाय धुतो. त्या वेळी आतल्या घोट्याच्या मागे दोन बोटे हलकेच टेकवून पाहा. मनगटावर लागतो तसाच नाडीचा ठोका तेथे लागेल. नाही सापडला तर घाबरू नका. कधी कधी तो शोधायला थोडा सराव लागतो.

रक्त खाली येणे सोपे असते, परंतु वर जाणे अवघड. पावलातील रक्त हृदयापर्यंत परत कसे जाते? येथे पोटरी मदतीला येते. आपण पाऊल टाकले की पोटरीचे स्नायू आवळतात. त्यांच्यामधल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमध्ये लहान लहान झडपा असतात. त्या रक्ताला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला कधी कधी 'दुसरे हृदय' असेही म्हणतात. जो माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहतो, त्याचे हे दुसरे हृदय जवळजवळ बंद असते. यंत्रमागावरचे कामगार, वाहतूक पोलीस आणि आम्ही शिक्षक यांच्यापैकी अनेकांच्या पायांवर पुढे फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात. तुमचे अब्बा किंवा अम्मी दिवसभर उभ्याने काम करत असतील, तर त्यांना सांगा, मधून मधून चार पावले चाला किंवा जागच्या जागी टाचा उचला.

आता मज्जातंतूंकडे वळू. कमरेतून निघून मांडीच्या मागून एक जाड मज्जातंतू खाली येतो. शरीरातील हा सर्वांत मोठा मज्जातंतू. गुडघ्याच्या थोडा वर त्याचे दोन भाग होतात. एक भाग पोटरीतून तळव्याकडे जातो. दुसरा भाग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेला वळसा घालून पुढे येतो. तेथे हाताला एक हाडाचा उंचवटा लागेल. त्याच्या जरासा खाली हा मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळ असतो. तेथे जोराचा मार बसला किंवा प्लास्टर घट्ट दाबले, तर पाऊल वर उचलता येत नाही, ते लोंबते. जमिनीवर मांडी घालून खूप वेळ बसले की पायाला मुंग्या येतात, तोही मज्जातंतूंवर पडलेल्या दाबाचाच परिणाम. आपण उठतो, पाय हलवतो आणि मुंग्या जातात. पण दाब गेलाच नाही तर?

हे समजण्यासाठी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. स्नायूंचे हे चार गट चार वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. या खोल्यांच्या भिंती हाडांच्या आणि पांढऱ्या, चिवट आवरणाच्या असतात. ते आवरण फारसे ताणले जात नाही. हाड मोडले की आत रक्त साचते, सूज येते. खोली मोठी होत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. मग बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि स्नायू व मज्जातंतू उपाशी राहतात. बाहेरून घट्ट पट्टी बांधली, तर हा दाब आणखी वाढतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा कबड्डी खेळताना पडला. त्याच्या नडगीचे हाड मोडले. घरच्यांनी ओळखीच्या एका माणसाकडून बांबूच्या कामट्या घट्ट बांधून घेतल्या. संध्याकाळी वेदना वाढू लागली. रात्री तो ओरडू लागला. सगळे म्हणाले, "हाड मोडले आहे, दुखणारच. सब्र कर." त्याची दादी मात्र उठून जवळ बसली. तिने त्याच्या पायाच्या बोटांना हात लावला आणि म्हणाली, "बेटा, जरा बोटे हलव." त्याला ती हलवता येईनात. दादीने त्याच वेळी रिक्षा बोलवायला लावली. रुग्णालयात डॉक्टरांनी कामट्या सोडल्या आणि शस्त्रक्रिया करून ते चिवट आवरण उघडले. पाय वाचला. पुढे काही महिने त्याची शाळा बुडाली, पण एक दिवस तो स्वतःच्या पायांनी चालत वर्गात आला.

१८८१ साली जर्मनीतील शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी लिहून ठेवले होते की, फार घट्ट पट्टी बांधल्याने स्नायूंचे रक्त तुटते आणि हात-पाय कायमचे आखडतात. रक्त न मिळालेला स्नायू साधारण ६ तासांत कायमचा निकामी होऊ लागतो. म्हणून सकाळची वाट पाहायची नसते.

मुलांनो, पायाला मार लागल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढतच गेली, पोटरी लाकडासारखी टणक झाली, बोटांत बधिरपणा आला किंवा बोटे हलवताना असह्य दुखू लागले, तर घट्ट पट्टी लगेच सैल करा. मालीश करू नका. रात्र असली तरी रुग्णालयात जा. घोट्याजवळ नाडीचा ठोका लागतो, म्हणून सर्व ठीक आहे असे समजू नका. मोठ्या धमनीत ठोका चालू असतानाही आतले स्नायू उपाशी असू शकतात.

सब्र हा मोठा गुण आहे. पण वेदना कधी कधी आपल्याला हाक मारत असते. दादीने ती हाक ऐकली. आता तिचा अर्थ तुम्हालाही माहीत झाला आहे.

शब्दार्थ (उर्दू प्रतिशब्दांसह)
स्नायू – अजला. धमनी – शिरयान. शीर – वरीद. मज्जातंतू – असब. सूज – वरम. कामटी – खपच्ची. बधिर – सुन्न.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पोटरीला 'दुसरे हृदय' का म्हणतात?
(आ) पाऊल वर उचलण्याचे काम स्नायूंचा कोणता गट करतो?
(इ) दादीने मुलाला काय करायला सांगितले?
२. कारणे द्या.
(अ) मोडलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधू नये.
(आ) नाडीचा ठोका लागला तरी निश्चिंत राहू नये.
३. 'ठेचकाळणे', 'मुंग्या येणे' आणि 'निकामी होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. आज घरी जाऊन या धड्यातील सूचना घरातील मोठ्या माणसांना आपल्या शब्दांत सांगा.