येळवशीची पंगत आणि इन्सुलिन

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, टाइप १ मधुमेह. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतातल्या पंगतीला त्याला न्यावं की नाही, यावरून घरात वाद होतो. सगळे खीर खाताना त्यानं नुसतं बघत बसायचं का? (एक आई, लातूर)

उत्तर : न्या, आणि पंगतीत सगळ्यांबरोबर बसवा. पूर्वी इन्सुलिनचा डोस ठरलेला असे आणि जेवण त्याला बांधलेलं. आता ताटातली कर्बोदकं मोजून डोस ठरवता येतो. ब्रिटनमधल्या ‘डॅफ्ने’ अभ्यासात (२००२) हे शिकलेल्या रुग्णांना खाण्याची मोकळीक मिळाली, तरी त्यांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) सुधारलं. तो अभ्यास प्रौढांवरचा. म्हणून किती कर्बोदकांना किती इन्सुलिन, हे मुलाचं प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. भज्जीतल्या (येळवशीच्या मिश्र भाजीतल्या) तूर-वाटाण्यानं साखर सावकाश चढते, गुळाच्या खिरीनं झपाट्यानं. गूळ साखरेपेक्षा सौम्य, हा समज सोडा. खीर वाटीनं मोजून वाढा, इन्सुलिन जेवणाआधी द्या.

‘एकदा सूट दिली की सवय लागते,’ असं घरातले म्हणतील. ही काळजी खोटी नाही. पण सरसकट बंदी घातलेलं मूल लपून खातं, आणि लपून खाल्लेल्या घासाला इन्सुलिन मिळत नाही. मला खरी भीती वाटते ती शेतातल्या धावपळीची. तिनं साखर खाली येते, कधी रात्री झोपेतसुद्धा. ग्लुकोमीटर सोबत ठेवा. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. झोपण्याआधीही एकदा तपासा. इन्सुलिनचं पेन मात्र उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. कोपीच्या (शेतातल्या कडब्याच्या खोपीच्या) सावलीत ठेवा.