पल्ला लांबचा असेल तर सायकल आधी घरी जुळवा

हिंगोलीहून पंढरपूरला सायकलने जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सायकल केवढ्याची? आमच्या मंडळींत कुणाकडे दुधाच्या कॅनचे व्रण असलेली जुनी काळी सायकल असते, तर कुणाकडे एकवीस गिअरची. चंद्रभागेत पाय धुणाऱ्यांत आणि बार्शीपासून टेम्पोत बसणाऱ्यांत मी दोन्ही प्रकारचे लोक पाहिले. साधी सायकल पोचवते आणि महागडी वाटेत बसवते, याचं कारण किमतीत सापडत नाही. ती अंगाला आणि ओझ्याला जुळवली होती की नाही, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे या वाटेची हौस नवी नाही. नरसी हे नामदेवांचं गाव आपल्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठावर आहे. नामदेव इथून पंढरपूरला आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले. 2022 पासून पंढरपूर ते घुमान अशी रथ आणि सायकल यात्राही निघते. हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. आपला पल्ला त्यामानाने लहान: औंढा, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी. तरी तीनशेवर किलोमीटर होतात, आणि हिंगोलीच्या बाजारात महिनोन्‌महिने चाललेली सायकल एवढं अंतर मुकाट्याने काढेलच असं नाही.

माझी पहिली लांबची फेरी परळीत संपली. दुकानदाराने नवी सायकल देताना सीट अशी बसवली होती की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत. गावात ते सोयीचं वाटतं. पण गंगाखेड मागे पडलं तेव्हा उजव्या गुडघ्याच्या वाटीपुढे ठणका सुरू झाला, आणि बालाघाटाचा चढ समोर दिसला तेव्हा पाय उचलेना. पुढचा प्रवास एसटीने झाला. नंतर एका जाणत्या सायकलस्वाराने सीट बोटभर, मग आणखी बोटभर वर घेतली, आणि तो ठणका पुन्हा आला नाही.

म्हणून पहिलं काम सीटचं. भिंतीला धरून बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघा जरासा वाकलेला राहतो, तीच उंची. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून ओढ बसली तर वर आहे. सीटचं नाकही वर-खाली नको, सपाट ठेवा. योग्य उंची सापडली की सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा. एसटीच्या टपावर चढवताना कुणीतरी ती खाली दाबतंच.

सीट मऊ असली म्हणजे सुखाची, हा समज लवकर सोडलेला बरा. जेलचं जाड कव्हर तासभर छान वाटतं. पुढे बैठकीची हाडं त्यात रुततात आणि भार नाजूक भागावर येतो. मांड्या घासतात, त्या वेगळ्याच. जरा कडक, हाडांना आधार देणारी सीट आणि पॅडची चड्डी हा जास्त टिकाऊ उपाय आहे. ती चड्डी आत दुसरं काही न घालता वापरायची असते, हे सांगायला दुकानदार लाजतात. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडल थोडं वर किंवा जवळ घ्या, आणि हात सारखा एकाच जागी ठेवू नका.

साध्या काळ्या सायकलवाल्यांनी फ्रीव्हीलकडे बघावं. पुढे 44 आणि मागे 18 दाते हे तिचं नेहमीचं गणित. एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर ठीक आहे, पण परळी-अंबाजोगाईच्या चढावर उभं राहून रेटावं लागतं. मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवलं की तोच फेरा साडेचार मीटरवर येतो आणि चढ बसून निघतो. चेन मात्र त्या मापाने वाढवावी लागते. गिअरवाल्यांचा रोग उलटा असतो: मोठा गिअर लावून ताकद दाखवायची. हलका गिअर, भराभर फिरणारे पाय आणि गुडघ्यावर कमी जोर, असं चालवणाराच तिसऱ्या दिवशीही सायकलवर असतो.

वाटेत सर्वांत जास्त दगा देतं ते मागचं चाक. अंगाचा मोठा भार त्याच्यावर, त्यात कॅरिअरचं ओझं. तार खड्ड्यामुळे तुटली असं आपण म्हणतो. खरं तर ती आधीपासून ढिली असते, दर फेऱ्याला थोडी ताणते-सैलावते, आणि एक दिवस हबजवळच्या वाकात मोडते. बहुतेक वेळा तुटते तीही फ्रीव्हीलच्या बाजूची, म्हणजे फ्रीव्हील काढल्याशिवाय बदलता न येणारी. निघण्याआधी जुन्या मिस्त्रीकडे चाक न्या, सगळ्या तारा सारख्या कसून घ्या आणि रिंगचा आऊट काढा. त्याच मापाच्या तीन-चार जादा तारा दांड्याला बांधून ठेवा. माप महत्त्वाचं, कारण कळंबच्या दुकानात तुमच्या चाकाची तार असेलच याची खात्री नाही.

टायरचंही तेच. 26 आणि 28 इंची साध्या सायकलच्या ट्यूब बहुतेक मोठ्या गावांत मिळतात. 700 मापाच्या बारीक टायरची ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळेल या भरवशावर निघू नका, दोन जवळ ठेवा. वॉल्व्ह बारीक असेल तर मोटारसायकलचा पंप बसावा म्हणून पितळी अडॅप्टर खिशात हवा. ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे हवेची नळी थेट लावू देऊ नका. क्षणात ट्यूब फुटते. दाब किती ठेवायचा ते टायरच्या कडेला छापलेलं असतं.

आपल्या भागात पंक्चरचं मोठं कारण म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे. रस्त्याच्या मातीच्या कडेला सायकल उतरवली की सराटे टायरला चिकटलेच. जेवायला थांबलात तर सायकल उचलून बाजूला न्या, ढकलत नेऊ नका, आणि निघताना टायरवरून नजर फिरवा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो तिथेच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

आषाढीला निघणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काळ्या रानातला चिखल मडगार्ड आणि टायरच्या फटीत असा भरतो की चाक फिरायचं थांबतं. तिथे निदान बोटभर जागा ठेवा. कार्तिकीला चिखल नसतो, पण गाळप सुरू झालेलं असतं. वसमतपासून बार्शीपर्यंत उसाच्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. आपल्या मागे लाल दिवा आणि रेडिअमची पट्टी लावाच, पण अंधारात न चालवणं हा खरा उपाय.

ओझं पाठीवर घेऊ नका. सॅकचे पट्टे खांदे आणि मान धरतात. सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि सारख्या वजनाने बांधा. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांइतकी घट्ट दोरी दुसरी नाही. पाना, एलन की, ठिगळं, सोल्यूशन आणि छोटा पंप हे सगळं वर, हाताशी ठेवा.

ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत काढायचे असतात, आणि ठरलेली ठिकाणं सोडून वाटेत सोबतच्या गाडीची मदत घेता येत नाही. त्यामुळे ती मंडळी सगळी जुळवाजुळव घरी करतात आणि रस्त्यावर फक्त दुरुस्ती. आपणही तोच नियम धरावा. पूर्ण ओझं बांधून, प्रवासातलेच बूट घालून, आधी हिंगोली-औंढा जाऊन या. मग एक दिवस नांदेड करून या. जे दुखायचं, सुटायचं किंवा वाजायचं असतं, ते बहुतेक या दोन फेऱ्यांत कळतं, आणि परत येऊन बदलायला वेळ असतो. ही कामं निघण्याच्या महिनाभर आधी उरका. शेवटच्या आठवड्यात सायकलला फक्त हवा आणि तेल द्या. त्या आठवड्यात कुणी नवी सीट भेट दिली तर आभार मानून घरीच ठेवा.