तळपायाची कमान आणि सोमवार ते शुक्रवार

राजगड किंवा कळसूबाई उतरून आल्यावर तळपायाची कमान टाचेच्या आतल्या बाजूला ठणकू लागली की पहिला आरोप बुटांवर होतो. पण दुखतं कधी ते बघा. अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, थोडं चालल्यावर जरा मोकळं, संध्याकाळी पुन्हा ठणका. असं असेल तर बहुधा टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडाशी जाणारा जाड पट्टा कुरकुरतोय. पाऊल उचलताना बोटं वर वळली की तो ताणला जाऊन कमान ताठ करतो. हिक्स या संशोधकाने १९५४ मध्येच हे दाखवलं. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर चढावर घोटा पुरेसा वाकत नाही आणि तो ताणही कमानीवरच येतो. पाच दिवस खुर्चीखाली पडून असलेल्या पायांवर रविवारी अचानक सात-आठ तासांचे दगडधोंडे लादायचे, दुखण्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

यावर कोणी म्हणेल, माझे पाय सपाट आहेत, एक्स-रेत टाचेचं हाडही वाढलेलं दिसतंय. पण न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही असं हाड सापडतं, आणि उंच कमानीचे पायही दुखतातच. मग गडाखालच्या गावांतली माणसं साध्या चपलांवर गड चढतात ती कशी? ती रोज चढतात, एवढंच. चांगल्या बुटांनी आराम पडतो, नाही असं नाही. ताकद मात्र येत नाही. नुसत्या विश्रांतीचंही तेच. दुखणं शमतं आणि पुढच्या ट्रेकला परत येतं.

म्हणून काम आठवड्यात करायचं. उठल्यावर पाय जमिनीला लावण्याआधी बोटं नडगीकडे दहा सेकंद ओढून धरा, असं दहादा. दिवसाआड पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम नुसत्या ताणण्यापेक्षा सरस ठरला; वर्षभरानंतर मात्र फरक उरला नाही. म्हणजे लवकर बरं व्हायचं असेल तर हा, धीर असेल तर दोन्ही चालतील. सूज, मुंग्या, रात्री झोपेतही दुखणं किंवा एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता न येणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. एरवी सकाळचं पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर त्या आठवड्यात व्यायाम थोडा कमी करा, बंद करू नका.